टीबीचा उपचार आणि विम्याचे पैसे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीबीच्या रुग्णाला विमा, सरकारी योजना आणि थेट खात्यात येणारे पैसे यांपैकी काय, कधी आणि कशासाठी मिळते, आणि पैसे देण्याच्या पद्धतीमुळे रुग्ण कुठल्या दारात जाऊन उभा राहतो, याची ही माहिती आहे. मुख्य रोख महाराष्ट्रावर आहे. रुग्ण, घरचे लोक, आशाताई आणि छोटे दवाखाने चालवणारे डॉक्टर यांच्याकडून येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

टीबीची औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. मग विम्याचा संबंध येतोच कुठे?

औषधे फुकट आहेत, थुंकीची तपासणी फुकट आहे, टीबीचा जंतू जनुकावरून ओळखणारी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही नॅट तपासणीही फुकट आहे. पण रुग्ण सरकारी केंद्रात पोहोचेपर्यंत बराच खर्च होऊन गेलेला असतो. खोकला सुरू झाला की माणूस आधी गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो. एक अँटिबायोटिकचा कोर्स, मग दुसरा, मग एक्स-रे, रक्ताच्या तपासण्या, कुणी सुचवला म्हणून सीटी स्कॅन. निदान टीबीचे निघते तेव्हा घरातली शिल्लक संपत आलेली असते. त्यानंतर बुडालेली मजुरी, दवाखान्यापर्यंतचे भाडे आणि खाणेपिणे. जागतिक आरोग्य संघटना कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाच्या २० टक्क्यांहून अधिक खर्च टीबीपायी झाला तर त्याला कुटुंब मोडणारा खर्च मानते. त्यात औषधांखेरीजचा खर्च आणि बुडालेली कमाईसुद्धा धरतात.

आपल्याकडचा बहुतेक विमा खाटेभोवती बांधलेला आहे. टीबी मात्र मुख्यतः बाह्यरुग्ण विभागात, घरी राहून, सहा महिने गोळ्या खाऊन बरा होणारा आजार आहे. पुढच्या बहुतेक अडचणी या विसंगतीतूनच येतात.

पैसे देण्याची पद्धत बदलली की उपचारात नेमके काय बदलते?

विमा कंपनी किंवा सरकार दवाखान्याला पैसे कशाचे मोजते, त्यावर दवाखाना काय करतो हे बरेचसे ठरते. प्रत्येक तपासणीचे वेगळे पैसे मिळत असतील, तर तपासण्या वाढतात. थुंकीच्या एका नॅट तपासणीने जे कळले असते त्यासाठी सीटी आणि चार रक्ततपासण्या लिहून दिल्या जातात. दर दिवसाच्या हिशेबाने पैसे मिळत असतील, तर मुक्काम लांबतो. एका आजाराचे ठोक पॅकेज असेल, तर मुक्काम आखडतो, काही तपासण्या ‘बाहेरून करून आणा’ म्हणून रुग्णाच्या गळ्यात पडतात, आणि अवघड रुग्ण, म्हणजे औषधांना दाद न देणारा टीबी, सोबत एचआयव्ही किंवा बिघडलेले यकृत असलेला, गोड बोलून दुसरीकडे पाठवला जातो. पॅकेजचा दर सगळ्यांना सारखा, खर्च मात्र अवघड रुग्णावर दुप्पट. दवाखान्याचे गणित सरळ आहे.

चौथी पद्धत म्हणजे टप्प्याटप्प्याने पैसे: नोंद केली की थोडे, उपचार पूर्ण झाल्याचे कळवले की उरलेले. टीबीसाठी ही सर्वांत जवळची, कारण इथे यश म्हणजे सहाव्या महिन्यातही रुग्ण गोळ्या घेतोय हे. पण रक्कम फार लहान असली किंवा वेळेवर आली नाही, तर डॉक्टर पहिला टप्पा घेतात आणि दुसऱ्याच्या कागदपत्रांच्या नादी लागत नाहीत.

आयुष्मान कार्ड किंवा महात्मा फुले योजनेत टीबी बसतो का?

दाखल होण्याची गरज असलेला टीबी बसू शकतो, घरून घ्यायचा उपचार बसत नाही. आयुष्मान कार्ड ज्या योजनेचे, ती प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचे संरक्षण आहे, पण ते आंतररुग्ण उपचारांपुरते. दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि डिस्चार्जनंतरचे १५ दिवस यांतला खर्च त्यात धरतात. बाकी बाह्यरुग्ण खर्च नाही. महाराष्ट्रात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी योजना तिच्याशी जोडलेली आहे. २०२३ च्या शासन निर्णयानंतर पांढरे रेशन कार्डवालेही तिच्यात आले.

टीबीत दाखल व्हावे लागण्याचे खरे प्रसंग असे: फुप्फुसाभोवती पू साचणे आणि त्यासाठी नळी किंवा शस्त्रक्रिया, खोकल्यातून भरपूर रक्त पडणे, फुप्फुस फुटून छातीत हवा भरणे, मेंदूच्या आवरणाचा टीबी, मणक्याच्या टीबीने पायांतली ताकद जाणे, औषधांनी कावीळ होणे. अशा वेळी पॅनेलवरच्या रुग्णालयात गेल्यावर आधी काउंटरवरच्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला गाठा. रेशन कार्ड, आधार आणि डॉक्टरची चिठ्ठी हातात हवी. पॅकेजची पूर्वमंजुरी रुग्णालयाने घ्यायची असते. तातडीचे असेल तर आधी उपचार आणि मागाहून कागद, असेही चालते.

मंजुरी कुठल्या पॅकेजखाली मागितली हे विचारून घ्या. ‘टीबी’ एवढेच लिहून पाठवले की शंका काढून अर्ज परत येण्याची शक्यता वाढते. ‘फुप्फुसाभोवती पू, नळी टाकली, सोबत एक्स-रे’ असे नेमके लिहिले की काम पुढे सरकते. योजनेतून दाखल झाल्यावर रुग्णालयाने पैसे मागितले, तर पावती मागा आणि १५५३८८ किंवा १८००२३३२२०० वर तक्रार करा. आयुष्मानसाठी १४५५५. पावतीशिवाय दिलेले पैसे परत मिळवणे जवळजवळ अशक्य असते.

डॉक्टर म्हणतात, ‘दोन दिवस दाखल व्हा, म्हणजे योजनेत बसेल.’ व्हावे का?

चालता-फिरता, जेवणारा, दम न लागणारा फुप्फुसाचा टीबी असेल तर नाही. वैद्यकीय गरज नसताना केवळ पैसे मिळावेत म्हणून दाखल करणे हा या पद्धतीचा सर्वांत ठळक दोष आहे, आणि त्याची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते. कुटुंबाच्या ५ लाखांतून रक्कम वजा होते आणि वर्षभरात कुणाला खरेच ऑपरेशन लागले तर ती कमी पडते. थुंकीत जंतू असलेला रुग्ण सर्वसाधारण वॉर्डात ठेवला तर शेजारच्या खाटांवर संसर्ग पोहोचतो. आणि तिसरे, जे कुणी बोलत नाही: दोन दिवसांनी डिस्चार्ज मिळतो, हातात पंधरा दिवसांच्या गोळ्या असतात, आणि पुढचे साडेपाच महिने कोण देणार हे कुणीच ठरवलेले नसते. उपचार तिथेच तुटतो.

दाखल व्हावेच लागले, तर डिस्चार्जच्या दिवशी निक्षय क्रमांक (सरकारच्या टीबी नोंदणीच्या ‘निक्षय’ पोर्टलवरचा रुग्णाचा क्रमांक) आणि पुढच्या गोळ्या कुठल्या केंद्रातून मिळणार त्याचे नाव, हे दोन्ही लिहून घेतल्याशिवाय रुग्णालय सोडू नका.

खासगी मेडिक्लेम आहे. टीबीचा दावा का नाकारला जातो?

मुख्य कारणे चार. पहिले, २४ तासांपेक्षा कमी मुक्काम. दुसरे, केवळ तपासणीसाठी दाखल होणे. हे जवळजवळ प्रत्येक पॉलिसीतले ठरलेले वगळण आहे, आणि टीबीत नेमके हेच घडते: ताप का येतोय ते कळेना म्हणून तीन दिवस दाखल केले, सीटी, ब्रॉन्कोस्कोपी झाली, सुई मात्र टोचली नाही. केसपेपरवर उपचार दिसत नसतील तर दावा अडतो. दाखल असताना सलाइन, ऑक्सिजन, इंजेक्शन दिले असेल तर त्याच्या नोंदी डिस्चार्ज कार्डावर आल्या आहेत का ते घरी जाण्याआधीच बघा. ब्रॉन्कोस्कोपी पॉलिसीच्या डे-केअर यादीत (त्याच दिवशी घरी सोडण्याच्या उपचारांच्या) आहे का, हे आधी विचारले तर मुक्कामाची गरजच राहणार नाही.

तिसरे, पॉलिसी घेतल्यानंतरच्या पहिल्या ३० दिवसांत निदान झाले. चौथे, पूर्वी टीबी झाला होता आणि अर्जात लिहिला नव्हता. आधीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांत जास्तीत जास्त ३ वर्षांवर आणला आहे. सलग ५ वर्षे पॉलिसी चालू असेल तर माहिती लपवल्याचे कारण देऊन दावा नाकारता येत नाही, अपवाद सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. कॅशलेसची मंजुरी १ तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी ३ तासांत द्यावी, असेही विमा नियामकाने २०२४ मध्ये बजावले आहे.

डिस्चार्जनंतरचा ठरावीक काळाचा खर्च पॉलिसीत असतो, बहुधा ६० दिवसांचा. तो गोळ्यांवर खर्ची घालू नका, गोळ्या सरकारी केंद्रातून फुकट मिळतात. तो फेरतपासणी, यकृताची रक्ततपासणी, स्कॅन यांसाठी वापरा.

टीबी बरा झाला आहे. नवी पॉलिसी मिळेल का?

उपचार चालू असताना बहुतेक कंपन्या अर्ज लांबणीवर टाकतात. पूर्ण झाल्यावर उपचार संपल्याचे कार्ड, शेवटच्या थुंकी तपासणीचा अहवाल आणि ताजा एक्स-रे जोडून अर्ज करा. जुना डाग एक्स-रेत दिसणारच, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही.

कारखान्यात काम करतो, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो. काय मिळेल?

या सगळ्या यादीत टीबीच्या रुग्णाला सर्वांत उपयोगी पडणारी व्यवस्था हीच, आणि सर्वांत कमी वापरली जाणारीही बहुधा हीच. कारण ती बाह्यरुग्ण उपचारही देते आणि बुडालेल्या पगाराचीही भरपाई करते.

महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार यात येतो. साधा आजारपणाचा लाभ म्हणजे सरासरी दैनिक वेतनाच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. त्यासाठी संबंधित सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. टीबी हा ३४ दीर्घ आजारांच्या यादीत आहे, म्हणून ९१ दिवस संपल्यावर वाढीव लाभ मिळतो: ८० टक्के वेतन, आणि वैद्यकीय मंडळाने मान्य केल्यास एकंदर २ वर्षांपर्यंत. त्यासाठी दोन वर्षांची सलग नोकरी आणि आधीच्या चार वर्गणी-सहामाहींत मिळून १५६ दिवसांची वर्गणी लागते.

बिघडते कुठे? कामगार खासगी डॉक्टरचे सर्टिफिकेट घेऊन दोन महिने गावी जातो. ईएसआयच्या दवाखान्याचे प्रमाणपत्र नसल्याने ते दिवस अडकतात. म्हणून निदान झाल्या दिवसापासून ईएसआय डॉक्टरकडे हजेरी लावा आणि मधे खंड पडू देऊ नका. गोळ्या क्षयरोग केंद्रातून चालू असल्या तरी चालतात, त्याचे कार्ड दाखवा. दुसरी अडचण कंत्राटी कामगारांची: पगारातून कापले जाते, पण कंत्राटदार भरत नाही. आपल्या विमा क्रमांकाने संकेतस्थळावर वर्गणीचे दिवस मोजून बघा. कमी भरले असतील तर शाखा कार्यालयात लेखी तक्रार द्या, सोबत पगाराची पावती जोडा.

निक्षय पोषण योजनेचे पैसे किती आणि केव्हा येतात?

टीबी रुग्णाच्या पोषणासाठी सरकार थेट खात्यात देते ते हे पैसे. एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये होते. १ नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० झाले. ते दर महिन्याला न देता ३,००० रुपयांच्या दोन हप्त्यांत येतात: पहिला उपचार सुरू होताना आगाऊ, दुसरा ८४ दिवसांचा उपचार पूर्ण झाल्यावर. उपचार सहा महिन्यांपलीकडे गेला तर पुढच्या प्रत्येक महिन्याचे १,००० वेगळे.

८४ दिवस हा टप्पा बरा निवडला आहे. पहिल्या दोन महिन्यांत ताप उतरतो, भूक लागते, वजन वाढते, आणि गोळ्या सोडून देण्याचा मोह नेमका तेव्हा होतो. पूर्वी महिन्याचे पाचशे चार-पाच महिन्यांनी एकदम यायचे, तोवर रुग्णाचा भरवसा उडालेला असायचा. आगाऊ हप्ता म्हणूनच महत्त्वाचा, पण तो वेळेवर आला तरच.

न येण्याची कारणे ठरलेली असतात. बँकांच्या विलीनीकरणानंतर आयएफएससी बदललेला असतो आणि जुन्या पासबुकावरचा दिलेला असतो, देना बँक, आंध्रा बँक, सिंडिकेट बँक यांची जुनी पासबुके अजून घराघरांत आहेत. वर्षानुवर्षे व्यवहार नसल्याने खाते गोठलेले असते. आधारवरचे नाव आणि खात्यावरचे नाव जुळत नाही, विशेषतः लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचे. घरात दोघांना टीबी आहे आणि दोघांनी एकच खाते दिले आहे, की प्रणाली ते दुबार म्हणून अडवते. उपचार सुरू होण्याच्या आठवड्यातच बँकेत जाऊन ताजे पासबुक छापून आणा, खात्यात शंभर रुपये भरून ते चालू आहे याची खात्री करा, आणि सरकारी टीबी कार्यक्रमातल्या वरिष्ठ उपचार पर्यवेक्षकाला मूळ पासबुक दाखवून क्रमांक त्यांच्यासमोर पडताळा. पैसे दोन महिन्यांत आले नाहीत तर ‘येतील’ यावर समाधान मानू नका. व्यवहार कुठल्या टप्प्यावर थांबला, नोंदीत, मंजुरीत की बँकेकडून परत आला, हे त्यांना निक्षयवर दिसते. टोल-फ्री क्रमांक १८००११६६६६.

आदिवासी भागातल्या रुग्णाला उपचार सुरू झाल्यावर ७५० रुपये एकरकमी प्रवासखर्च म्हणून वेगळे मिळतात. वजन उंचीच्या मानाने फार कमी असेल, म्हणजे बीएमआय १८.५ च्या खाली, तर पहिले दोन महिने पोषक आहारपूरकाचीही तरतूद आहे. विचारल्याशिवाय ते कुणी सांगेलच असे नाही.

खासगी डॉक्टरकडे उपचार चालू आहे. पोषणाचे पैसे मिळतील का? डॉक्टर नोंद करायला तयार नाहीत.

मिळतील. उपचार सरकारी की खासगी, याचा संबंध नाही. निक्षयवर नोंद आहे की नाही, एवढेच बघतात. नोंद न करणे डॉक्टरच्या मर्जीवर नाही. २०१२ पासून प्रत्येक टीबी रुग्णाची माहिती कळवणे बंधनकारक आहे आणि मार्च २०१८ च्या राजपत्रात औषध दुकानदारही आले, सोबत शिक्षेचे कलमही. पण कायद्याच्या धाकापेक्षा पैशाची गोष्ट काढलेली बरी: नोंद केल्यावर डॉक्टरला ५०० रुपये आणि उपचाराचा निकाल कळवल्यावर आणखी ५०० मिळतात. बहुतेक डॉक्टरांची खरी भीती वेगळीच असते, की नोंद केली तर सरकारी माणूस रुग्णच पळवून नेईल. तसे होत नाही. रुग्ण त्याच डॉक्टरकडे राहून सरकारी गोळ्या घेऊ शकतो.

हे चालते याचा पडताळा मुंबईत आधीच झाला आहे. २०१४ पासून मुंबईत ‘पाथ’ या संस्थेमार्फत आणि पाटण्यात दुसऱ्या एका संस्थेमार्फत, खासगी डॉक्टरकडे आलेल्या रुग्णाला व्हाउचर देऊन तपासणी आणि औषधे फुकट देण्याचा प्रयोग झाला. पैसे रुग्णाच्या खिशातून न येता व्हाउचरमागे सरकारी तिजोरीतून आल्यावर खासगी डॉक्टरांकडून होणारी नोंद बरीच वाढली. आजची खासगी क्षेत्राला जोडणारी व्यवस्था त्याच धर्तीवर उभी आहे.

औषधाला दाद न देणारा टीबी आहे. हा खर्च कोण करतो?

बेडाक्विलिनसह सगळी औषधे सरकारी टीबी कार्यक्रमातून फुकट आहेत, बाहेरून विकत घेण्याच्या फंदात पडू नका. पात्र रुग्णांसाठी आता सुमारे सहा महिन्यांचा चार औषधांचा कोर्सही आहे, पूर्वी हाच उपचार दीड-दोन वर्षे चालायचा. विम्याचा उपयोग गुंतागुंतीपुरता. कुणी बाहेरची व्यक्ती रोज देखरेखीखाली औषध देत असेल, तर तिला एकूण ५,००० रुपये मानधन आहे. साध्या टीबीसाठी १,०००.

केंद्रात गोळ्या संपल्या तर?

२०२४ च्या सुरुवातीला असा तुटवडा पडला होता. त्या वर्षीच्या मार्चमध्ये केंद्राने राज्यांना स्थानिक खरेदी करायला आणि तेही न जमल्यास रुग्णाने केलेला खर्च परत द्यायला सांगितले. तेव्हा विकत घ्यावे लागलेच तर चिठ्ठी आणि पक्के बिल जपून ठेवा, आणि जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या. एक दिवसही खंड नको.

दुसऱ्या देशांनी काय केले?

फिलिपिन्समध्ये राष्ट्रीय विमा बाह्यरुग्ण टीबी उपचाराचेच पॅकेज देतो: काही रक्कम पहिला टप्पा संपल्यावर आणि उरलेली उपचार पूर्ण झाल्यावर. कल्पना चांगली आहे, पण पैसे मान्यताप्राप्त केंद्रालाच मिळतात, त्यामुळे मान्यता नसलेल्या दवाखान्याच्या रुग्णाला त्याचा उपयोग नाही. तैवानने २००१ मध्ये प्रायोगिक आणि २००४ पासून देशभर निकालावर आधारित मोबदला सुरू केला. बरे होणाऱ्यांचे प्रमाण वाढल्याचे तिथल्या अभ्यासांत दिसले. दक्षिण कोरियाने जुलै २०१६ मध्ये टीबी रुग्णाचा स्वतःचा वाटा काढूनच टाकला. चीनने झेनजियांग, यिचांग, हानझोंग या शहरांत सेवेगणिक पैशांऐवजी रुग्णामागे ठोक रक्कम देऊन पाहिली. त्यातून शिकायचे ते हे, की एका पॅकेजचा दर बदलून रुग्णाच्या खिशावरचा भार आपोआप हलका होत नाही. पॅकेजच्या बाहेर काय राहिले, त्यावर ते ठरते.

महाराष्ट्रात पुढे काय बदलू शकते?

२०२२ मध्ये आयुष्मानच्या पॅकेजांचे दर सुधारले, तेव्हा आजाराच्या तीव्रतेप्रमाणे गट पाडून पैसे देण्याचा प्रयोग पाच राज्यांत करायचे जाहीर झाले. त्यांत महाराष्ट्र आहे. हे नीट बसले तर अवघड टीबी रुग्णाला दुसरीकडे पाठवण्याचे कारण कमी होईल, कारण त्याच्यासाठी दरही जास्त असेल. बाह्यरुग्ण खर्चाचा प्रश्न मात्र तसाच राहतो.

घरात कमावणारे कुणी उरले नाही. आणखी कुठून मदत मिळेल?

महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेत टीबीसारखे आजार धरलेले आहेत. दरमहा १,५०० रुपये. अट अशी: वय ६५ पेक्षा कमी, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत किंवा नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत, आणि राज्यातले १५ वर्षांचे वास्तव्य. अर्ज सेतू केंद्रातून किंवा तहसील कार्यालयात. उत्पन्नाच्या दाखल्यावर बहुतेक अर्ज अडतात, तलाठ्याकडे तो आधी काढा. गोव्यात दाखल झाल्यावरच्या खर्चासाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे: तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला २.५ लाख, चार किंवा अधिक असल्यास ४ लाख.

उपचार मुंबईत सुरू आहे, आता गावी जायचे आहे. नोंद आणि पैसे अडकतील का?

न सांगता गेलात तर अडकतील. जाण्याच्या आठवडाभर आधी केंद्रात सांगून निक्षयवर बदली करून घ्या. निक्षय क्रमांक तोच राहतो, नवा काढू देऊ नका. दोन क्रमांक झाले की पोषणाचा हप्ता दुबार ठरून थांबतो. प्रवासात आणि पहिल्या आठवड्यात पुरतील एवढ्या गोळ्या मागून घ्या. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिल्या दोन-तीन दिवसांत कार्ड दाखवा, आणि त्यांच्या यादीत तुमचे नाव आले का ते तिथेच बसून बघा.